बिघडलं तर बघणार कोण?

मुक्त स्रोताची ऑपरेटिंग सिस्टीम घरच्या साध्या माणसाला झेपेल का, हा वाद तीस वर्षे जुना आहे आणि दोन्ही बाजूंची वाक्ये आता पाठ झाली आहेत. एक बाजू म्हणते, लिनक्स आता विंडोजइतकेच सोपे झाले. दुसरी म्हणते, ते इंजिनिअरांचे खेळणे, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत बसायला कुणाला वेळ आहे? दोघेही पडद्याकडे बघून बोलतात. बटण कुठे आहे, मेनू कसा दिसतो, चार क्लिक लागतात की दोन, एवढ्यावर निकाल द्यायला बघतात. पण घरगुती संगणकाचा इतिहास उलगडून पाहिला तर एक साधी गोष्ट ध्यानात येते. घरच्या माणसाने आपल्या मशीनवरची ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः निवडून स्वतः बसवली, असे जवळजवळ कधी घडलेच नाही. विंडोजही त्याला झेपली नव्हती. त्याला ती बसवलेली मिळाली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल्ड पीसी घरी यायचा तेव्हा विंडोज त्यात असायचीच. वर्षभरात मशीन मंद झाले किंवा व्हायरस शिरला, की ओळखीचा कॉम्प्युटरवाला येऊन फॉरमॅट मारून द्यायचा. तेव्हा मुक्त प्रणालीचे घरात काय झाले हे समजून घ्यायचे तर मेनूपेक्षा या माणसाचा माग काढणे जास्त उपयोगाचे आहे. मशीन अडले की कोण येतो, यावर बराचसा निकाल लागत आला आहे.

सुरुवातीच्या काळात असा कुणी नव्हताच, आणि त्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखेही नाही. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली जे केले ते स्वतःच्या ३८६ मशीनसाठी केले. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन आले, तेही बनवणाऱ्यांसारख्याच जाणत्यांसाठी. त्या दिवसांत चित्रमय पडदा सुरू करायचा तर आपल्या मॉनिटरची आडवी आणि उभी वारंवारता किती, हे एका फाइलमध्ये आकड्यांनी भरावे लागे. आकडा चुकला तर मॉनिटरला इजा होऊ शकते, असा इशाराही सोबत असे. मॉनिटरबरोबर आलेले पत्रक जपून ठेवणारी घरे किती असणार! आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सची सीडी येऊ लागली आणि अनेक हौशी मुलांनी ती मशीनमध्ये घातली. पुढचा अडथळा मोडेमचा. बाजारात मिळणारी स्वस्त अंतर्गत मोडेमे आपले अर्धे काम विंडोजच्या सॉफ्टवेअरकडून करून घेत; लिनक्सखाली ती मुकी राहत. त्यामुळे प्रश्न पडला की उत्तर इंटरनेटवर, आणि इंटरनेटवर जायचे तर आधी तो प्रश्न सुटायला हवा, असा पेच होता. यात प्रणालीचा दोष होता की मोडेम बनवणाऱ्याचा, हा तात्त्विक प्रश्न झाला. घरातल्यांच्या लेखी ‘हे चालत नाही’ एवढेच खरे.

दिसण्या-वापरण्याचा भाग मात्र अपेक्षेपेक्षा लवकर सुधारला. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या मथियास एट्रिखने ऑक्टोबर १९९६ मध्ये केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपची घोषणा केली ती सिस्टीम सांभाळणाऱ्यांऐवजी नुसते वापरणाऱ्यांना नजरेसमोर ठेवून. केडीई ज्या क्यूटी नावाच्या साहित्यावर उभे होते त्याचा परवाना पुरेसा मुक्त नाही, या कारणावरून पुढच्याच वर्षी मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझाने ग्नोमचा घाट घातला. एका घराला दोन स्वयंपाकघरे झाली, आणि त्या फाळणीची किंमत पुढे बरीच वर्षे मोजावी लागली. सन मायक्रोसिस्टीम्सने २००१ मध्ये ग्नोमची वापरचाचणी घेतली आणि पर्यायांच्या गर्दीत माणसे हरवतात हे दाखवून दिले. त्यानंतरच्या ग्नोममधून पर्यायांची छाटणी झाली, आणि जुने भक्त त्यावर चिडले तेही स्वाभाविक होते. या वादात एक पुरावा मला फार मोलाचा वाटतो. बर्लिनच्या रेलेव्हांटिव्ह या संस्थेने २००३ मध्ये लिनक्स कधीही न वापरलेली ६० माणसे केडीईसमोर बसवली आणि २० माणसे विंडोज एक्सपीसमोर. पत्र लिहिणे, गाणे लावणे, सीडी तयार करणे अशी रोजची कामे दिली. लिनक्सवाल्यांना सरासरी सुमारे ४५ मिनिटे लागली, एक्सपीवाल्यांना सुमारे ४१. फरक आहे, पण घरचा संसार मोडावा एवढा नाही. आणि या चाचणीतली महत्त्वाची अट विसरून चालणार नाही: दोन्ही मशीन आधीच नीट बसवून, जुळवून ठेवलेली होती. म्हणजे २००३ सालीच वापरण्याचा प्रश्न बहुतांशी सुटला होता. उरला होता तो बसवण्याचा आणि निभावण्याचा.

आपल्याकडे हा उरलेला प्रश्न विंडोजने आधीच सोडवला होता, आणि तोही पदरचा पैसा न घालता. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्सच्या अंदाजानुसार २०११ मध्येसुद्धा भारतातल्या संगणकांवर बसवलेल्या सॉफ्टवेअरपैकी ६३ टक्के विनापरवाना होते. ही संघटना कंपन्यांचीच, तेव्हा आकडा थोडा फुगवलेला धरला तरी चित्र बदलत नाही. लिनक्सचा सर्वांत मोठा गुण म्हणून सांगितला जाणारा ‘फुकट’ हा शब्द अशा बाजारात निरर्थक ठरतो, कारण चोरीची विंडोजही फुकटच होती. शिवाय ती टाकून देणारा माणूस गल्लीत होता. कंपन्यांनी किंमत खाली आणायला फ्रीडॉस किंवा लिनक्स घातलेले लॅपटॉप विकायला काढले, तेव्हा गिऱ्हाईक ते घेऊन थेट त्याच माणसाकडे जायचे. गावोगावच्या संगणक वर्गांत शिकवले जायचे ते विंडोज आणि ऑफिस. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने लाखो लोकांच्या हातात पहिल्यांदा माउस दिला हे त्याचे श्रेय मोठे आहे. पण त्या लाखोंच्या मनात संगणक म्हणजे विंडोज हे समीकरणही तिथेच पक्के झाले. पुतण्या, शेजारचा मुलगा, ऑफिसातला सहकारी, ज्याला म्हणून हाक मारता येईल तो प्रत्येक जण एकाच प्रणालीत तयार झालेला. जाणत्यांचे एवढे मोठे जाळे तोडून वेगळ्या वाटेने जाणे साध्या घराला परवडणारे नव्हते, आणि त्यात त्या घराची काही चूकही नव्हती.

मराठी घराला आणखी एक अडचण होती. मराठीत टंकलेखन, पत्रिका, अहवाल, मासिके हा सगळा व्यवहार नव्वदच्या दशकापासून श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा विंडोजवरच्या पॅकेजांवर उभा राहिला. त्यांच्या फाँटांत देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फाँट नसेल तर फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांचा नुसता कचरा दिसे. या बाबतीत मुक्त प्रणालीवाल्यांनी खरे तर पुढचे पाऊल आधी टाकले. जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेने ‘इंडिक्स’च्या रूपाने लिनक्सला भारतीय लिप्या दाखवायला शिकवले. इंडलिनक्सच्या मंडळींनी हिंदीपासून सुरुवात करून मेनू भारतीय भाषांत आणले. रेड हॅटने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून करून घेतलेले ‘लोहित’ फाँट २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले झाले. श्रीलिपी बनवणाऱ्या कंपनीच्याच हातून हे फाँट झाले, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे. कामही बारीक होते. ‘दुसऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ मधला तो चंद्रकोरीसारखा र हिंदीत लागत नाही. हिंदीवर बेतलेल्या मांडणीत तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढे आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होई. ‘ऱ’ साठी युनिकोडमध्ये वेगळे स्थान आहे, त्याला हलंत जोडला की कोर उमटली पाहिजे, हे फाँटाला, अक्षरे जुळवणाऱ्या प्रोग्रामला आणि कळफलकाला, तिघांनाही स्वतंत्रपणे शिकवावे लागले. ते शिकवून झाले. तरी पत्रिका छापणारा डीटीपीवाला जुन्याच पॅकेजवर राहिला, कारण त्याच्या पंधरा वर्षांच्या फाइली तिथे होत्या आणि छापखान्यालाही त्याच फाइली हव्या होत्या.

बसवून देणारा भेटला तर काय होते याची पहिली मोठी चाचणी २००७ च्या ऑक्टोबरमध्ये तैवानच्या असूसने घेतली. ‘ई पीसी ७०१’ हे यंत्र किलोभराहून हलके होते. सात इंची पडदा, चार जीबी साठवण. त्या वर्षी आलेली विंडोज व्हिस्टा त्यात मावणे शक्यच नव्हते. असूसने त्यावर झँड्रॉस नावाचे लिनक्स घातले आणि त्याच्या तोंडावर मोठ्या चित्रांची पाने ठेवली: इंटरनेट, काम, अभ्यास, खेळ. फायरफॉक्स, ओपनऑफिस, स्काइप आधीच बसवलेले. चालू केले की अर्ध्या मिनिटाच्या आसपास समोर हजर. माणसांनी ते भराभर विकत घेतले आणि आपण लिनक्स वापरतो आहोत याची त्यांतल्या अनेकांना कल्पनाही नव्हती. लिनक्सला घरात मिळालेले हे पहिले खरे यश होते, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा प्रतिस्पर्ध्याच्या वागण्यात सापडतो. निवृत्त व्हायला निघालेल्या एक्सपीला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये अशा छोट्या, स्वस्त यंत्रांपुरती, म्हणजे नेटबुकांपुरती, २०१० पर्यंत मुदतवाढ दिली. एका वर्षात चित्र पालटले. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या नेटबुकांपैकी ९६ टक्क्यांवर विंडोज होती, असा हवाला मायक्रोसॉफ्टने एनपीडी या बाजारपाहणी संस्थेच्या आकड्यांवरून दिला.

इथे विरोधी बाजू हमखास एक दाखला पुढे करते, आणि तो टाळून चालणार नाही. एमएसआय या दुसऱ्या तैवानी कंपनीच्या अधिकाऱ्याने २००८ मध्ये सांगितले होते की लिनक्सची नेटबुके परत येण्याचे प्रमाण एक्सपीच्या किमान चौपट आहे. स्वस्त म्हणून लोक घेतात, खोका उघडल्यावर ओळखीचे काही दिसत नाही, म्हणून परत करतात. हाच दाखला ‘लोकांना लिनक्स नको’ म्हणून वर्षानुवर्षे फिरत राहिला. पण पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००९ मध्ये, डेलच्या अधिकाऱ्याने उबुंटू हे लिनक्स घातलेल्या आपल्या नेटबुकांबद्दल नेमके उलट सांगितले: परतीचे प्रमाण विंडोजएवढेच आहे, चिंतेचा विषय नाही. गिऱ्हाइकाला काय घेतो आहे ते आधी समजावून सांगितल्याचे श्रेयही त्याने कंपनीला दिले. जात तीच, गिऱ्हाईक त्याच थरातले, फरक विकणाऱ्याच्या आस्थेचा. वॉलमार्टने २००७ च्या अखेरीस १९९ डॉलरचा लिनक्स पीसी काढला, तो आधी हातोहात खपला आणि काही महिन्यांत दुकानांतून काढून टाकला गेला. फळीवर ठेवून दिलेला खोका आपल्याबद्दल काय सांगणार? विकणारा दारात उभा राहत नसेल तर प्रणाली कितीही गुणी असो, गिऱ्हाईक ओळखीच्या वस्तूकडे वळते.

याच्या उलट उदाहरणे श्रीमंत बाजारांपेक्षा मागास म्हणवल्या जाणाऱ्या प्रदेशांत जास्त सापडतात. स्पेनमधला एक्स्ट्रेमादुरा हा त्या देशातल्या गरीब प्रांतांपैकी एक. २००२ मध्ये त्याने डेबियनवर आधारलेले लिनेक्स काढले, शाळांमध्ये दोन मुलांमागे एक संगणक दिला आणि गावांतल्या मोठ्यांसाठी ज्ञानकेंद्रे चालवली. चित्रे हाताळायच्या प्रोग्रामला तिथल्या मातीतल्या सुर्बारान या चित्रकाराचे नाव दिले. माणसाला यंत्र आपले वाटावे यासाठी केलेली ही युक्ती वरवरची दिसते, पण खेड्यातल्या प्रौढाला अनोळखी इंग्रजी आद्याक्षरांपेक्षा ती नक्कीच जवळची होती. आपल्याकडे केरळ हीच वाट जास्त चिकाटीने चालले. २००१ मध्ये तिथे आयटी@स्कूल सुरू झाले. त्याच वर्षी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या भारतीय शाखेचे उद्घाटन तिरुवनंतपुरमला झाले. शिक्षक संघटनेने एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अभ्यासक्रम बांधायला हरकत घेतली आणि काही वर्षांत सरकारी शाळा पूर्णपणे लिनक्सवर गेल्या. २०१९ मध्ये काढलेली आवृत्ती दोन लाखांवर संगणकांवर गेली. तिने ३,००० कोटी रुपये वाचले, असे अधिकारी सांगतात. भागाकार केला तर यंत्रामागे दीड लाख पडतात. इतके परवाने कुणी खरेच विकत घेतले असते का, याची शंका यावी. केरळचे खरे कर्तृत्व त्या आकड्यात मुळीच नाही. शाळाशाळांत शिक्षकांना रीतसर प्रशिक्षण दिले, संगणकाची जबाबदारी नावानिशी एकाकडे सोपवली आणि २०१८ पासून ‘लिट्ल काइट्स’ म्हणून मुलांचीच पथके तयार केली, त्यात ते आहे. तीच प्रणाली घरी आणि डीटीपी केंद्रांतही वापरता येईल अशी ठेवली. घरी काही अडले तर शाळेत जाणारे मूल आहे. पुण्या-मुंबईच्या पुतण्याची जागा तिथे दहावीतल्या मुलीने घेतली, एवढाच फरक.

महाराष्ट्रातही असा एक छोटा प्रयोग झाला होता. कर्जतजवळच्या खैराट गावात एका शिक्षकाच्या शाळेत २००७ च्या सुमारास वीस-बावीस मुलांना ओएलपीसी (‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’) प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. आत फेडोरा होते, वर शुगर नावाचे मुलांसाठीचे आवरण. विंडोज कधी पाहिलीच नसल्यामुळे ‘हे वेगळे का?’ असा प्रश्न त्या मुलांना पडायचे कारण नव्हते. प्रणालीचा अवघडपणा म्हणून जे मोजले जाते त्यात आधीच्या सवयीचा वाटा किती असतो, ते इथे दिसते. प्रयोग राज्यभर पसरला नाही. एका गावापुरते कुणी लक्ष घालू शकते. तालुक्यापुरते लक्ष घालायला केरळसारखी यंत्रणा लागते आणि ती इथे उभी राहिली नाही.

म्युनिचचे काय, असा सवाल इथे येणारच. त्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटायला गेले होते. दहा वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास मशीन बदलली, आणि २०१७ मध्ये नगरसभेने पुन्हा विंडोजकडे वळायचा ठराव केला. हा पराभव आहे, त्याला दुसरे नाव देऊ नये. परंतु तिथला संगणक विभाग वीसेक तुकड्यांत विखुरलेला होता, आणि २०१६ मध्ये सल्लागारांनी दिलेल्या अहवालातही प्रणालीपेक्षा या विस्कळीत कारभारावरच जास्त बोट ठेवले होते. शिवाय कार्यालयाचे उदाहरण घराला जसेच्या तसे लागू पडत नाही. कार्यालयाला शेकडो खास प्रोग्राम लागतात. घराला ब्राउझर, व्हिडिओ, फोटो, एखादे पत्र आणि प्रिंटर. यातला प्रिंटर अजूनही अधूनमधून रुसतो हे कबूल करायला हवे.

आणखी एक आक्षेप जास्त टोकदार आहे. आधार देणारा माणूसच जर सगळे ठरवतो, तर मग मुक्त स्रोताचे कौतुक कशाला? कोणतीही प्रणाली चालेल. आक्षेपात तथ्य आहे, आणि गेल्या पंधरा वर्षांनी तो आणखी बळकट केला आहे. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी २००४ मध्ये आपल्या दोषनोंदीत पहिला दोष लिहिला होता तो ‘बाजारावर मायक्रोसॉफ्टचे वर्चस्व’ हा. उबुंटूच्या सीडी २०११ पर्यंत जगभर टपालाने फुकट जात राहिल्या. २०१३ मध्ये त्यांनी तो दोष निकालात काढला, पण डेस्कटॉप जिंकला म्हणून नव्हे. फोन आणि टॅब्लेटमुळे मैदानच बदलले म्हणून. लिनक्सचा गाभा असलेले अँड्रॉइड आज आजीच्या हातातही आहे. क्रोमबुकही त्याच घराण्यातले. ‘साध्या माणसाला झेपत नाही’ हा दावा त्यामुळे कायमचा निकालात निघाला. पण ते झेपले, कारण फोन बनवणाऱ्याने आणि गूगलने सगळी देखभाल आपल्याकडे घेतली आणि तिच्याबरोबर मालकीही घेतली. गाभा मुक्त, किल्ल्या मात्र त्यांच्याकडे. केरळ वेगळे ठरते ते इथे. तिथे जबाबदारी घेणारा माणूस प्रणाली उघडून बदलू शकतो, मल्याळम फाँट घालू शकतो, जुन्या मशीनसाठी ती हलकी करू शकतो, आणि परवाना संपला म्हणून त्याला कुणी अडवत नाही. बंद प्रणालीत आधार देणाऱ्याला हे अधिकार नसतात. तो फक्त फॉरमॅट मारू शकतो.

मर्यादा कुठे आहेत हेही स्पष्ट असावे. ज्या घरातून टॅलीवर दुकानाचे हिशोब चालतात, जिथे श्रीलिपीच्या जुन्या फाइलींवर पोट आहे, किंवा जिथे मुलाला ठरावीक खेळच खेळायचे आहेत, तिथे विंडोज काढायचा सल्ला मी देणार नाही. सरकारी कामांचीही एक काळ अशीच रड होती: इंटरनेट एक्सप्लोररवरच चालणारी संकेतस्थळे, आयकराचे एक्सेल मॅक्रोवाले साधन, डिजिटल सहीची डोंगल. त्यातले बरेच आता ब्राउझरमध्ये आले आहे आणि बँकही फोनवर गेली आहे, त्यामुळे घरातल्या डेस्कटॉपवरचे ओझे हलके झाले. विंडोजच्या बाजूला बदल असा की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल संपली, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसलेली असंख्य धडधाकट मशीन विंडोज ११ साठी अपात्र ठरली. त्यांवर लिनक्स सुखाने चालते. त्या वर्षी केडीईच्या मंडळींनी पुढाकार घेऊन ‘एंड ऑफ टेन’ नावाची मोहीम काढली. तिच्या पानावर नव्या रूपड्याची जाहिरात फारशी नाही. लोकांना लिनक्स बसवून देणारी दुरुस्तीची दुकाने आणि स्वयंसेवकांचे अड्डे कुठल्या शहरात कुठे आहेत, त्यांची यादी आहे. लॅमिंग्टन रोडवर किंवा तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर मदरबोर्ड उघडून बसलेल्या माणसाला पेनड्राइव्हवरून मिंट किंवा उबुंटू टाकायला अर्धा तास पुरतो. विंडोज टाकायचे जेवढे पैसे घेतो तेवढेच त्याने याचेही घ्यावेत, आणि महिन्याने प्रिंटर रुसला तर फोन उचलावा. या व्यवहारात परवाना चोरायची गरज त्यालाही उरत नाही आणि गिऱ्हाइकालाही.